वर्गातले कान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तीस वर्षे शिकवूनही जी गोष्ट मला फार उशिरा उमगली, तीच आज सांगते.

डोंबिवलीत रुळांलगतच्या एका शाळेत मी दुसरीचा वर्ग घेत असे. गाडी आली की थांबायचे, गेली की पुढे बोलायचे, हा रोजचा परिपाठ. खिडकीशी बसणारा एक मुलगा शुद्धलेखनात 'फळ' सांगितले की 'पळ' लिही, 'खार' सांगितली की 'कार'. मी त्याला निष्काळजी म्हटले, बाकावर उभेही केले. पुढे जागांची अदलाबदल झाली, तो माझ्या टेबलापाशी आला, आणि महिन्याभरात त्याच्या चुका निम्म्यावर आल्या. चूक त्याच्या बुद्धीची नव्हतीच. मला मात्र ती शिक्षा अजून बोचते.

असे का व्हावे? बोलण्यात स्वर ठळक असतात, व्यंजने दुबळी. गोंगाटात 'प' आणि 'फ' यांतला श्वासाचा फरक आधी बुडतो. आपण मोठी माणसे निसटलेला शब्द अंदाजाने भरून काढतो. पण जो शब्द आज प्रथमच भेटतो आहे, तो मुलाने कशाच्या आधारे भरावा?

न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गालगतच्या एका शाळेची पाहणी १९७५ साली प्रसिद्ध झाली. रुळांकडच्या वर्गांतली सहावीची मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात सुमारे एक वर्ष मागे होती. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसविल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. म्हणजे दुखणे खरे आहे, तसाच उपायही आहे!

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचविली. ती कुजबुजीहून थोडीच अधिक. आपल्याकडे २००० च्या नियमांप्रमाणे शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. शाळेभोवतीचे शंभर मीटर हे असे क्षेत्र. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनुसार राज्य सरकारने ते जाहीर करावे लागते. आपल्याच ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ध्वनिप्रदूषणाविषयी सविस्तर निर्णय दिला. एक नागरिक एवढे करू शकतो, तर आपण इतक्याजणी आहोत!

गाड्या आपण थांबवू शकत नाही. पण आपल्या शाळा जाहीर यादीत आहेत की नाहीत, हे महापालिकेत विचारू शकतो. बाकांच्या पायांना रबरी बुचे बसवू शकतो. मुलांना शाळेत सोडताना रिक्षावाल्यादादांना भोंगा न वाजविण्याची विनंती करू शकतो. आणि रागावणार नसाल तर सांगते: गेल्या हळदीकुंकवाला आपल्याच मंडळाचा कर्णा शाळेच्या खिडक्यांकडे तोंड करून होता. सुरुवात तिथूनच करू या. यंदा कर्णा नको. आपला आवाज एकमेकींना ऐकू येण्याइतका नक्कीच आहे.