कंबरेचं दुखणं आणि कागद



घरी आलेले जवान मला विचारतात, "साहेब, एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकलेली दिसतेय, मग डिसॅबिलिटी पेन्शन का नाही?"

कारण रिलीज मेडिकल बोर्डापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, अपंगत्व किती टक्के? तिथे नुसता एमआरआय पुरत नाही. कंबर किती वाकते, पाय सरळ उचलता येतो का, पायात बधिरपणा आहे का, हेही बघतात. दुसरा प्रश्न, हे दुखणं नोकरीमुळे झालं का, किंवा नोकरीत वाढलं का? मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याचे किमान २० टक्के भरावे लागतात, आणि दुसऱ्याचं उत्तर 'होय' यावं लागतं. बरेच जण दुसऱ्यावर अडकतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीतला मानावा. तसं नसेल तर बोर्डाने कारणं लिहावीत. २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात, २० टक्के असतील तर ते ५० धरण्याचा लाभ मुदत पूर्ण करणाऱ्यांनाही मिळाला. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत, ते आधी वाचा.

आता माझी चूक सांगतो. मी कंपनी कमांडर असताना एक लान्स नाईक डोंगरात पाठीवर ओझं घेऊन घसरला. महिन्याभरात त्याचं प्रमोशन कॅडर होतं. मीच म्हणालो, "आत्ता लो मेडिकल कॅटेगरी लागली तर कॅडर जाईल. गोळ्या घे, नंतर बघू." तो म्हणाला, "ठीक आहे, साहेब."

तो हवालदार होऊन निवृत्त झाला. बोर्डाने लिहिलं, दुखण्याचा नोकरीशी संबंध नाही. इन्जुरी रिपोर्टच नव्हता. त्याने फोन केला, "साहेब, तुम्ही लिहून द्याल का?" दिलं. पण इतक्या वर्षांनी लिहिलेल्या पत्राला त्या दिवशीच्या कागदाचं वजन येत नाही.

म्हणून नोकरीत असलेल्यांनो, पडलात तर एमआय रूममध्ये नोंद करा, इन्जुरी रिपोर्टची प्रत घरी ठेवा. निवृत्त झालेल्यांनो, बोर्डाचे कागद मागून घ्या, नाकारलं असेल तर अपील करा, आणि तिथेही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे.

आणि अधिकाऱ्यांनो, जवानाला "नंतर बघू" म्हणू नका. मी म्हणालो होतो.

जय हिंद.