हायड्रोजनच्या वाटेतला पडदा



हायड्रोजनच्या गाडीचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी विचारतात : टाकी फुटणार तर नाही ना, आणि प्लॅटिनम परवडणार का? आज मी या दोन्हींकडे वळणार नाही. मला बोलायचंय ते इंधन घटाच्या मधोमध बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पडद्याबद्दल. हल्लीच्या गाड्यांत तो केसाहून पातळ असतो. घट किती दिवस टिकणार, हे बरंचसं त्याच्यावर अवलंबून असतं.

पडद्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. प्लॅटिनमवर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. इलेक्ट्रॉन मग बाहेरच्या तारेतून वळसा घेतात, आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी तयार होतं. हे सगळं चालू असताना दोन्ही वायू एकमेकांत मिसळू न देण्याची जबाबदारीही पडद्याचीच.

असा पडदा वापरण्याची कल्पना जनरल इलेक्ट्रिकच्या थॉमस ग्रब यांनी 1950च्या दशकात मांडली. ऑगस्ट 1965मध्ये जेमिनी-5 यानातून असे घट अंतराळात गेले. त्यांतला पडदा सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचा होता. घटात तयार होणारं पाणी अंतराळवीरांनी प्यावं, असा मूळ बेत होता. पण पडदाच झिजून त्याचे अंश पाण्यात उतरत होते, त्यामुळे ते पिण्याजोगं राहिलं नाही. पॉलिस्टायरीनच्या साखळीतले कार्बन-हायड्रोजन बंध हे त्याचं नाजूक ठिकाण. घटात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्यातून निघणारे मुक्त मूलक नेमके तिथेच हल्ला करतात.

त्याला उत्तर ड्यूपाँट कंपनीतून आलं. वॉल्थर ग्रोट यांनी 1960च्या दशकात नाफिऑन तयार केलं. टेफ्लॉनसारखा फ्लोरीनने वेढलेला कणा आणि त्याला लोंबणाऱ्या फांद्यांच्या टोकांवर सल्फोनिक आम्लाचे गट, अशी त्याची रचना. मूलकांना तिथे सहज शिरकाव मिळत नाही. प्रोटॉन धावतात ते या आम्लगटांभोवती साठलेल्या पाण्यातून. पण पाण्यावरच भिस्त असल्याने तापमान 80 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. त्यावर पडदा कोरडा पडू लागतो आणि वहन मंदावतं. शिवाय नाफिऑन महाग. मिथेनॉलवर चालणाऱ्या घटात तर मिथेनॉलही पाण्याबरोबर पडद्यातून पार जातं आणि इंधन वाया जातं.

मग स्वस्त, फ्लोरीन नसलेले पॉलिमर का नकोत? पॉलिइथरइथरकीटोन घ्या. गंधकाम्लाची प्रक्रिया केली की त्यावर आम्लगट बसतात. गट जितके जास्त, तितकं वहन चांगलं, पण तितकं पाणीही जास्त शोषलं जातं. साबुदाण्यासारखी गत : पाणी कमी पडलं तर दाणा कडक, जास्त झालं तर लगदा. फार सल्फोनेशन केलेला पडदा गरम पाण्यात चक्क विरघळतो.

इथे मिश्रण आणि क्रॉस-लिंकिंग, म्हणजे साखळ्यांमध्ये सांधे घालणं, कामाला येतं. योगायोग पाहा, शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी इंधन घटाची मूळ कल्पना 1839 साली मांडली, आणि चार्ल्स गुडइयर यांना गंधकाने रबर पक्कं करण्याची युक्ती सापडली तीही 1839मध्येच. रबरात गंधक साखळ्यांना एकमेकींशी जोडतो, म्हणून ते ताणूनही पूर्ववत होतं. पडद्यातही असे सांधे घातले की फुगणं आवरतं. मात्र सहसंयुज सांधे फार झाले की पडदा ठिसूळ होतो, आणि बांधलेल्या साखळ्यांमधून पाण्याच्या वाटाही आकसतात.

स्टुटगार्टच्या योखेन केरेस यांच्या गटाने काढलेली वाट मला फार आवडते. त्यांनी आम्लधर्मी पॉलिमरमध्ये पॉलिबेन्झिमिडाझोल, म्हणजे पीबीआय, हा आम्लारिधर्मी पॉलिमर मिसळला. आम्लगट आपला प्रोटॉन पीबीआयच्या नायट्रोजनला देतो. एकीकडे ऋणभार, दुसरीकडे धनभार, आणि त्यांच्या ओढीनेच सांधा तयार होतो. वेगळं रसायन घालून जोडणी करायची गरज नाही. पडदा लवचिकही राहतो. मात्र जितके आम्लगट सांध्यात गुंततात तितके वहनाला कमी पडतात, आणि गरम पाण्यात हे सांधे सैल होऊ लागतात. म्हणून पुढे आयनिक आणि सहसंयुज असे दोन्ही सांधे एकत्र वापरून पाहिले गेले.

हाच पीबीआय फॉस्फोरिक आम्लात मुरवला की घट 160 अंशांपर्यंत चालतो, कारण आता प्रोटॉनला पाण्याची गरज उरत नाही. 80 अंशांच्या थंड घटात लाखात एक भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी प्लॅटिनमची कार्यक्षमता घसरते. इथे एखादा टक्काही चालून जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीबीआयच्या पडद्यांवर काम झालं आहे. ऑक्टोबर 2020मध्ये पुण्यातच केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही संशोधन परिषद यांनी इंधन घटाची मोटार चालवून दाखवली. तिचा घट मात्र 65 ते 75 अंशांवर चालणारा, थंड जातीचा होता. गाडीला थंडीत पटकन सुरू व्हायचं असतं, तिथे 160 अंशांचा घट उपयोगी नाही. शिवाय तापण्याआधीच पाणी साचलं तर आम्ल धुऊन जातं.

2023मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी निसर्गात न विघटणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेकडे दिला. नाफिऑनही त्याच कुळातलं. त्यामुळे बाजूला पडलेल्या, फ्लोरीन नसलेल्या हायड्रोकार्बन पडद्यांकडे आता पुन्हा लक्ष वळलं आहे. पण त्यांची जुनी कमतरता तशीच आहे. गाडी थांबते, चालते, पडदा सुकतो, भिजतो. चौकटीत कडा आवळलेल्या असल्याने फुगण्या-आकसण्याचा सगळा ताण त्यालाच सोसावा लागतो, आणि सुकल्यावर ठिसूळ होणारा पडदा कडेशी चिरतो. वहनाचा चांगला आकडा नव्या मिश्रणातून मिळवणं त्या मानाने सोपं आहे, आणि शोधनिबंधांच्या शीर्षकात तोच झळकतो.

पॉलिमर शिकणारे विद्यार्थी इथे बरेच दिसतात, म्हणून सांगतो. तुमच्या पडद्याची वाहकता जरूर छापा, पण तो किती वेळा सुकवून भिजवला आणि कितव्या फेरीला चिरला, ते त्याच तक्त्यात छापा.