कागद कुठून आला?

पहिलं घर घेणाऱ्याला हल्ली जो तो सांगतो, महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाचा, नोंदणी नंबर बघ. सल्ला खरा आहे, पण पुरेसा नाही. कल्याण-डोंबिवलीत काय झालं पाहा. तिथे ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या. त्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली. नोंदणी आहे म्हणून बँकेचं कर्ज मिळालं, आणि बँक कर्ज देतेय म्हणजे घर चोखच असणार, असं समजून माणसांनी आयुष्याची पुंजी ओतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या.

त्या रहिवाशांना कृपा करून भोळं म्हणू नका. त्यांनी नंबर पाहिला होता. चूक वर, नोंदणीच्या टप्प्यावर झाली. परवानगी ज्या कार्यालयाची म्हणून दाखवली, तिथे ती पडताळली गेली नाही. म्हणून माझा आग्रह आहे की विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जा. परवानगीचा क्रमांक, तारीख, मंजूर मजले विचारा. दाद दिली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये आहे. सातबाराही दलालाकडून घेऊ नका, महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. बोजा, कूळ, इतरांचे हक्क तिथे सापडतात. मालकी तपासणाऱ्या सर्च रिपोर्टसाठी वकील आपला हवा. बिल्डरने सुचवलेला वकील नको, मग तो कितीही सज्जन असो.

आता पैशांचं. ‘आज टोकन द्या, उद्या भाव वाढणार’ हे वाक्य ऐकलं की उठून या. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. वाटपपत्र म्हणजे करारनामा नव्हे. आणि रोख रक्कम मुळीच देऊ नका. उद्या व्यवहार फिसकटला, तर ती दिली होती हे तुम्ही कशाने सिद्ध करणार?

सगळ्यात गोड फसवणूक शेवटी होते. घर तयार दिसतं, भाड्याचा आणि हप्त्याचा दुहेरी भार असह्य झालेला असतो, आणि बिल्डर म्हणतो, ‘फर्निचरसाठी चावी घ्या, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, येईलच.’ याला फिटआउट पझेशन म्हणतात. चावीबरोबर उरलेले सगळे पैसे मागितले जातात आणि ताबा मिळाल्याच्या पत्रावर सही घेतली जाते. मग भोगवटा प्रमाणपत्राची घाई फक्त तुम्हालाच उरते. प्रमाणपत्राअभावी नियमित नळजोडणी नसलेल्या अशा कित्येक सोसायट्या वर्षानुवर्षं टँकरवर दिवस काढतात. शेवटचा हप्ता हीच तुमच्या हातातली ताकद आहे. करारनाम्यात तो भोगवटा प्रमाणपत्राशी बांधलेला आहे ना, हे सही करण्यापूर्वी बघा, आणि प्रमाणपत्र येईपर्यंत तो सोडू नका.