विचारावे आपल्या बोलीत, वाचावे मूळ पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्याख्यान देण्याची मला सवय नाही. परंतु आमच्या घरी घडलेली एक गोष्ट चिटणीसबाईंच्या कानी गेली आणि 'हीच सांगा' अशी आज्ञा झाली, म्हणून उभी आहे.

गोष्ट 2024 च्या जुलैतील. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासननिर्णय 28 जूनला निघाला होता. पात्र भगिनींना दरमहा 1500 रुपये मिळणार होते. माझी थोरली बहीण अकोल्यास असते, वय बासष्ट. तिने अमरावतीला मला विचारले, "पाह्य वं तुह्या मोबाइलात, मले हे पैसे भेटतीन काय?"

मी तोच प्रश्न साध्या मराठीत मोबाइलला विचारला. क्षणात उत्तर आले: वय 21 ते 60, अर्ज 15 जुलैपर्यंत. मी ताईला कळवले. ती नुसते "बरं" म्हणाली. त्या "बरं"ने मला रात्री झोप आली नाही.

सकाळी सूनबाईने विचारले, "आई, ते उत्तर कोणत्या तारखेच्या पानातले, पाहिलेत का?" मी पाहिलेच नव्हते! पान उघडले, तर ते पहिल्या निर्णयाचे. 3 जुलैच्या सुधारित निर्णयात वयाची मर्यादा 65 झाली होती आणि मुदत 31 ऑगस्टपर्यंत वाढली होती. रहिवासी दाखला नसेल, तर 15 वर्षांपूर्वीचे रेशनकार्डही चालणार होते. ताईच्या पेटीत जुने कार्ड होतेच. ते घेऊन ती अंगणवाडीत गेली आणि अर्ज भरून आली.

आता हे यंत्र करते काय? पूर्वी ते मुख्यतः आपण दिलेले शब्द कोणत्या पानावर आहेत, तेवढेच धुंडाळी. 'अमरावतीहून अकोल्याला' आणि 'अकोल्याहून अमरावतीला' यांत गावे तीच. पण 'हून' आणि 'ला' यांनी प्रवासच उलटा होतो. वाक्यातील शब्दांचा असा परस्परसंबंध ध्यानात घेणारी पद्धत गूगलने 2019 साली आपल्या शोधात आणली आणि त्याच वर्षाअखेर ती मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांत लागू केली. म्हणून आता आपण शेजारणीला विचारावे तसे पूर्ण वाक्यात विचारू शकतो, आणि लांबलचक पानातला नेमका परिच्छेद पुढे येतो.

पण भगिनींनो, सुपाने पाखडले तरी खडा राहतोच. तो आपल्याच हाताने वेचावा लागतो. यंत्राने दाखवलेला परिच्छेद खरा होता, पण शिळा होता. म्हणून प्रश्नात वय, गाव, अडचण स्पष्ट सांगावी. उत्तर मिळाल्यावर मूळ पान उघडावे. त्यावरची तारीख पाहावी आणि पान कोणाचे आहे तेही पाहावे. या योजनेचे नियम पुढेही बदलत गेले; तेव्हा माझ्या या भाषणावरही विसंबू नका, आजचे पान पाहा!

आपल्यातील किती तरी जणींना वाचता येत नाही, कित्येकींजवळ मोबाइल नाही. त्यांच्यासाठी आपण दर आठवड्यास तासभर मंडळात बसावे, त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत ऐकून घ्यावा आणि उत्तर मूळ पानावरून वाचून दाखवावे, अशी माझी सूचना आहे. घाईने दिलेल्या उत्तरावर कोणा बहिणीला नुसते "बरं" म्हणून गप्प बसावे लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.