माई सिंधुताई सपकाळ यांचे स्मरणार्थ झालेलें भाषण



कापूस वेचणीचे दिवस आहेत, तूर सोंगायला आली आहे, तरी आपण एवढ्या संख्येनें येथें जमलां, यावरूनच माईंचें नांव आपल्या घरांत किती खोल गेलें आहे तें दिसतें. काल ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती झाली. आज ४ जानेवारी. २०२२ सालीं याच तारखेला रात्रीं सिंधुताई पुण्यास वारल्या. वय ७३ वर्षांचें होतें. त्यांच्या मागें रडणारीं लेकरें हजारावर होतीं. त्यांत पोटचीं चार. बाकीचीं, ज्यांना जगांत कोणी नव्हतें तीं.

ही बाई कोणा संस्थानिकाची राणी नव्हती, कीं मोठ्या शाळेंत शिकलेली पंडिता नव्हती. वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे गांवीं, गुरें राखणाऱ्याच्या घरांत, १४ नोव्हेंबर १९४८ रोजीं तिचा जन्म झाला. कोणी म्हणेल, वर्धा म्हणजे वऱ्हाड नव्हे. खरें आहे, पण वर्धा नदी कांहीं समुद्र नव्हे. सोयरीक, बैलबाजार आणि बोली हीं इकडून तिकडे जातच आलीं आहेत. शिवाय त्यांच्या कामाचें बस्तान बसलें तें आपल्या अमरावती जिल्ह्यांत, चिखलदऱ्याच्या पठारावर. तेव्हां वऱ्हाडानें त्यांना आपली म्हणण्यांत वावगें कांहीं नाहीं.

घरांत तिचें नांव चिंधी. आपल्याकडे दगडू, धोंडी, केरबा अशीं नांवें ठेवण्याची चाल आहे, पण तींत दोन प्रकार आहेत. लेकरें जगत नाहींत, दृष्ट लागूं नये, म्हणून ठेवलेलें नांव एक. त्यांत माया असते. दुसरें नांव खरोखरच नको म्हणून ठेवलेलें. साताऱ्याकडे तर मुलीला सरळ ‘नकोशी’ म्हणत, आणि २०११ सालीं तेथील जिल्हा परिषदेनें अशा मुली एकत्र करून त्यांचीं नांवें बदलण्याचा समारंभ केला. चिंधी हें नांव या दुसऱ्या जातीचें. बाप अभिमानजी साठे मात्र निराळा माणूस. मुलीनें शिकावें ही त्याची हौस, आणि आईचा त्याला विरोध. मग गुरांमागें पाठवतों असें घरीं सांगून तो तिला शाळेंत धाडी. पाटीला पैसा नव्हता, तेव्हां झाडाच्या पानावर अक्षरें गिरवलीं असें त्या सांगत. अशी ती चौथीपर्यंत शिकली. पुढें माईंनीं वर्ध्याला मुलांसाठीं घर काढलें, त्याला ‘अभिमान बाल भवन’ असें बापाचें नांव दिलें. गुरें राखणाऱ्या किती माणसांचीं नांवें इमारतींवर लागतात?

दहा-बारा वर्षांच्या वयांत लग्न झालें. नवरा वीसेक वर्षांनीं मोठा. मुलीचें लग्न पंधरा वर्षांच्या आंत करूं नये असा कायदा तेव्हां होता. कायदा कचेरींत राहिला आणि लग्न मांडवांत लागलें. सेलू तालुक्यांतलें नवरगांव हें सासर. तेथें वाचण्याचीही चोरी. किराणा बांधून आलेला कागदाचा तुकडा दिसला, कीं ती तो लपवून ठेवी आणि कोणी नसतां वाची. पुढें हजारों माणसांपुढें त्या बोलत, तेव्हां सुरेश भटांचे शेर त्यांच्या जिभेवर असत. भट आपल्या अमरावतीचे, हें मी मुद्दाम सांगतों, कारण आपल्या गांवचें धान्य कोणत्या ताटांत गेलें तें आपल्याला ठाऊक असावें.

आतां शेणाची गोष्ट. शहरच्या माणसाला ती सांगितली तर तो नाक मुरडील. तुम्हांला मात्र ती चट्कन् कळेल. शेण म्हणजे चुलीचें जळण, शेताचें खत, घराचें सारवण. तें उचलतें कोण? बाई. पाटी डोक्यावर घेतें कोण? बाई. पावसाळ्यांत पाटींतलें पाणी गळून मानेवरून पाठीवर उतरतें तें कोणाच्या? बाईच्याच. आणि त्याचा हिशेब कोणत्याही वहींत नसतो. नवरगांवीं गुरें जंगलांत चरत, बाया शेण वेंचून ढीग घालीत, आणि त्या ढिगांचा पैसा जंगल खात्याशीं संधान असलेल्या एका धनदांडग्याच्या घरीं जाई. बायांना छदाम नाहीं. चिंधीनें विचारलें, काम आमचें तर दाम कां नाहीं? प्रश्न एवढाच. पण गांवांत हा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. बोभाटा झाला, जिल्ह्याचा कलेक्टर गांवांत आला, आणि निकाल बायांच्या बाजूनें लागला.

बंधूंनो, मला विचाराल तर सिंधुताईंचें सार्वजनिक काम त्या दिवशीं सुरू झालें. अनाथ मुलांपासून नव्हे. वर्तमानपत्रांनीं त्यांना ‘अनाथांची माय’ म्हटलें, तें बरोबरच आहे. पण मजुरीचा हक्क मागणारी बाई ही त्यांची पहिली ओळख, आणि ती आपण विसरतों. माय म्हटलें कीं आपल्याला पाया पडतां येतें, खिशांत हात घालावा लागत नाहीं. मजुरी मागणारी बाई म्हटलें तर आपल्याच शेतांत निंदणाऱ्या बाईचा रोज पुरुषापेक्षां कमी कां, याचा जबाब द्यावा लागतो.

त्या धनदांडग्यानें सूड कसा घेतला? मारामारी केली नाहीं. त्यानें नवऱ्याच्या कानांत विष ओतलें कीं, तुझ्या बायकोच्या पोटांतलें मूल तुझें नव्हे. बाईला पाडायला यापेक्षां स्वस्त हत्यार आजवर निघालें नाहीं. तीन मुलांची आई, चौथ्याचे दिवस भरत आलेले. नवऱ्यानें मारून गोठ्यांत टाकलें. तेथें गाईंच्या पायांत ती एकटी बाळंत झाली, मुलगी झाली, आणि दगडानें ठेचून नाळ तोडली. सोळा घाव घालावे लागले, असें त्या भाषणांत सांगत, आणि सभेंत टाचणी पडली तर ऐकूं येईल अशी शांतता होई. मीं त्यांना दोनदां ऐकलें. नऊवारी लुगडें, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा कीं जणूं वावराच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हांक घालतात. रडवतां रडवतां मध्येंच अशी कांहीं चिमटा काढणारी गोष्ट सांगत, कीं बाया तोंडाला पदर लावून हंसत.

तेथून ती ओली बाळंतीण माहेरीं गेली. आईनें दार उघडलें नाहीं. मला या सगळ्या हकीगतींत सर्वांत कठीण वाटतो तो हा टप्पा. नवरा दुष्ट होता, धनदांडगा दुष्ट होता, असें म्हणून आपण मोकळे होऊं शकतों. पण ती आई तर आपल्याच आयांसारखी. काढून दिलेली मुलगी घरांत घेतली तर गांव काय म्हणेल, भावकी काय म्हणेल, हें ती भीत होती. म्हणजे दार आईनें लावलें, पण कडी गांवानें घातली होती. तुमच्या आमच्या गांवांत अशा किती बाया आहेत त्या मोजा. दुसरी केली म्हणून टाकलेल्या, मूल होत नाहीं म्हणून धाडलेल्या, भावाच्या घरीं मोलकरणीसारख्या राबणाऱ्या. टाकलेल्या बायकोला पोटगी मागण्याचा हक्क कायद्यानें आहे, ती कोर्टांत अर्ज देऊं शकते. पण पोटगीला तारखा पडतात आणि पोट तारीख पाळीत नाहीं. शेतकरी संघटनेनें १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून कार्यक्रम काढला होता, कीं नवऱ्यानें जिवंतपणीं थोडी तरी जमीन बायकोच्या नांवें करावी. वऱ्हाडांतल्या कांहीं कास्तकारांनीं ती केलीही. ज्यांनीं केली त्यांच्या घरांत आज काय फरक आहे तें तुम्ही पाहिलें असेल. सिंधुताईंच्या नांवें सातबाऱ्यावर दोन एकर असती, तर त्यांना गोठ्यांत टाकण्याचें धैर्य कोणाला झालें असतें काय?

पुढचा काळ स्टेशनावरचा. गाणीं म्हणून भीक मागावयाची आणि मिळेल तें इतर भिकाऱ्यांबरोबर वाटून खावयाचें. रात्रीं तरण्या बाईला फलाटावर धोका, म्हणून त्या स्मशानांत झोंपत. भुताच्या भीतीनें तेथें माणूस येत नाहीं. प्रेताच्या मागें ठेवलेल्या पिठाची भाकर त्यांनीं चितेच्या विस्तवावर भाजून खाल्ली. हें ऐकून आपल्या अंगावर कांटा येतो. पण त्यांचें म्हणणें साधें होतें, कीं भुकेला विटाळ नसतो. स्टेशनावरच त्यांना टाकलेलीं लेकरें भेटलीं, आणि तीं त्यांच्या पदराला चिकटलीं. स्वतःच्या मुलीची माया आड येऊं नये म्हणून ती मुलगी त्यांनीं पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टच्या हवालीं केली. लोक या गोष्टीची फार वाखाणणी करतात. मला मात्र त्या लहान मुलीचें काय झालें असेल, असें वाटल्याशिवाय राहात नाहीं. तीच मुलगी मोठी होऊन आईच्या कामांत उभी राहिली, हा तिचा मोठेपणा.

आतां आपल्या चिखलदऱ्याकडे येऊं. १९७४ सालीं मेळघाटांत व्याघ्रप्रकल्प झाला. देशांतल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकीं तो एक. वाघ वांचला पाहिजे, याबद्दल वाद नाहीं. पण तेथें पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोरकू लोकांचें काय? ८४ गांवें उठवण्याचा प्रश्न आला. एका अधिकाऱ्यानें आदिवासींच्या १३२ गाई कोंडल्या आणि त्यांतली एक मेली. गाय म्हणजे काय हें गुराख्याच्या मुलीला सांगावें लागत नव्हतें. सिंधुताई त्या लोकांच्या बाजूनें उभ्या राहिल्या. त्या सांगत कीं, अस्वलानें डोळे फोडलेल्या एका आदिवासीचें दुःख घेऊन त्या थेट इंदिरा गांधींपुढें गेल्या आणि विचारलें, जनावरानें गाय मारली तर भरपाई मिळते, मग माणसाला कां नाहीं? पहा, पुन्हां तोच शेणाचा प्रश्न: हिशेबांत माणूस कोठें आहे? वनमंत्र्यांनीं त्यांचें म्हणणें ऐकलें आणि दुसरीकडे वसण्याची व्यवस्था झाल्याशिवाय त्या गांवकऱ्यांना उठवूं नये, हें मान्य केलें.

याच चिखलदऱ्यास त्यांनीं मुलींचें वसतिगृह काढलें आणि त्याला सावित्रीबाई फुले यांचें नांव दिलें. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं पुण्यांत फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठीं घर उघडलें आणि तेथल्याच एका ब्राह्मण विधवेचें मूल, यशवंत, दत्तक घेतलें. नाकारलेल्या बाईला आणि तिच्या लेकराला दार उघडावयाचें, हें काम शंभर वर्षांनंतर आपल्या डोंगरावर चौथी शिकलेल्या बाईनें हातीं घेतलें. पुढें सासवडजवळ कुंभारवळणला ममता बाल सदन, हडपसरला सन्मति बाल निकेतन, आणि वर्ध्याला गाईंसाठींही आसरा. २०१० सालीं त्यांच्यावर चित्रपट निघाला, २०२१ सालीं पद्मश्री मिळाली.

त्यांच्यावर एक आक्षेप असे, तो येथें लपवीत नाहीं. कांहीं लोक म्हणत, बाई भाषण करते आणि शेवटीं पदर पसरते. ही प्रतिष्ठित भीकच झाली. मी म्हणतों, होय, भीकच. त्यांनीं स्वतःही तें कधीं लपविलें नाहीं. भाषण झालें तर मुलांच्या ताटांत पडेल, असा तो रोकडा व्यवहार होता. अनेक वर्षें सरकारी अनुदानाविना एवढीं तोंडें भरावयाचीं तर दुसरा मार्ग कोणता? ज्यांना पदर पसरणें कमीपणाचें वाटे, त्यांपैकीं कोणीं चार लेकरें घरीं नेलीं असतीं, तर त्यांच्या आक्षेपाला वजन आलें असतें.

नवऱ्याची गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. म्हातारपणीं तो निराधार होऊन दारीं आला. माईंनीं त्याला घेतलें, पण नवरा म्हणून नव्हे. मी आतां माय आहें, राहावयाचें तर लेंकरूं होऊन राहा, असें सांगून. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हें माझें सर्वांत मोठें लेकरूं, अशी ओळख करून देत, आणि लोक टाळ्या वाजवीत. टाळ्या वाजवणाऱ्या पुरुषांना माझें एकच सांगणें आहे. क्षमा ही त्या बाईची होती. ती आपल्या खात्यावर जमा धरूं नका. बाई शेवटीं क्षमा करतेच, असा धडा यांतून जो घेईल, त्यानें गोठ्यांतले सोळा घाव ऐकलेच नाहींत.

माई महानुभाव पंथाच्या. चक्रधरस्वामींच्या गुरूंचें, गोविंदप्रभूंचें, रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यांत, मोर्शीच्या वाटेवर आहे, आणि बाईमाणसाला जवळ बसवून मराठींत ज्ञान सांगणारा हा पंथ आपल्या मातींत सातशें वर्षांपूर्वींपासून रुजला आहे. त्या पंथाच्या रीतीप्रमाणें माईंना अग्नि दिला नाहीं. ५ जानेवारी २०२२ रोजीं पुण्यास सरकारी इतमामानें त्यांना भूमींत ठेवलें. त्या दिवशीं तेथें जमलेल्या तरुण मुलामुलींत कोणाचें आडनांव काय, हें कोणी विचारलें नाहीं. पुष्कळांनीं सपकाळ हेंच लावलें होतें.

माझें बोलणें येथें संपलें. दाराजवळ दोन पोतीं ठेवलीं आहेत, एक ज्वारीचें आणि एक तुरीच्या डाळीचें. ज्यांनीं घरून आणलें असेल त्यांनीं जातां जातां त्यांत टाकावें. ज्यांनीं आणलें नसेल त्यांनीं उद्यां सकाळपर्यंत मारुतीच्या पारावर पोंचतें करावें. यंदा आपल्या गांवांत दोन घरचे कर्ते पुरुष गेले आणि लेकरें लहान आहेत. धान्य तेथें जावयाचें आहे. तें घेऊन आपल्या चार बाया रात्रीं जातील. बाकी कोणीं बरोबर जाऊं नये.