स्वागताध्यक्षांचे भाषण : क्रीडावैद्यक परिषद, जालना



कुंडलिकेच्या काठी आपलं मनापासून स्वागत. मी मोंढ्यातला बियाण्यांचा व्यापारी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आमची शाळकरी पोरंही सांगतील. बेझनजी फरिदुनजी जालनावाला कोण, हे मात्र मोठ्यांनाही आठवत नाही. निजामाच्या अमदानीत, 1931 च्या सुमारास, या पारशी गृहस्थाच्या पुढाकाराने घाणेवाडीचा तलाव झाला. पंप नाही, वीज नाही. पाणी उतारानेच गावात यायचं! पुढे तलाव गाळाने भरला. दुष्काळात गावाने वर्गणी काढली, पोकलेन लावले, आणि तो काळाशार गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर भरभरून शेतात नेला. घाणेवाडीवर मी तासभर बोलू शकतो, पण संयोजक घड्याळ दाखवताहेत.

तर विषय : खेळातल्या दुखापती आणि सूज उतरवणारी औषधं. आमच्या विजय झोलने 2014 च्या विश्वचषकात भारताच्या 19 वर्षांखालील क्रिकेट संघाचं नेतृत्व केलं. तेव्हापासून इथलं प्रत्येक मैदान भरलेलं असतं. पाय मुरगळला की क्रेप बँडेज, डायक्लोफेनॅकची गोळी, आणि पोरगा पुन्हा कबड्डीच्या मैदानात. जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं म्हणे, की ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन्स बनू देत नाहीत, म्हणून सूज आणि ठणका कमी होतो. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर राखतात, आणि अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. मराठवाड्याच्या उन्हात घामाने निथळलेल्या, उपाशी पोराला ही गोळी द्यायची म्हणजे धोकाच. बघा, विषय फिरून पाण्यावरच आला!

पाण्यावरूनच क्षमा मागतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही. काही पाहुण्यांना मंगल कार्यालयात गाद्यांवर उतरवावं लागलं, गरम पाण्याला नंबर लागले, रात्री डासांनीही स्वागत केलं, पोटात घाला. मोंढ्यातले व्यापारी, एमआयडीसीतले सळईचे कारखानदार, न मागता मोसंबीचे क्रेट पाठवणारे अंबड-घनसावंगीकडचे बागायतदार, मंडपवाले, आचारी आणि पहाटेपासून स्टेशनवर उभी असलेली तालमीतली पोरं, सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल तर ते आभारप्रदर्शनात येईल.

मंगल कार्यालयातल्या मंडळींसाठी टँकर चार वाजता पोहोचतोय, ड्रायव्हरचा आत्ताच फोन आला. अध्यक्ष महोदयांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.