खराटा आधी, उपदेश मागून



आम्ही कीर्तनकार दुसऱ्याच्या चुका सांगण्यात मोठे पटाईत. आज माझी स्वतःचीच एक चूक सांगतो.

बार्शीटाकळीला सप्ताहाचं काल्याचं कीर्तन झालं. महाप्रसादाची पहिली पंगत उठली. मांडवात उष्ट्या पत्रावळी, द्रोण, सांडलेलं वरण, त्यावर माश्या. दुसरी पंगत बसायची होती. मी माईक हातात घेतला आणि पोरांना झापलं. सेवा सांगितली, स्वच्छता सांगितली, संतांचे दाखले दिले. एक पोरगं जागचं हललं नाही. तेवढ्यात एक म्हातारी माय उठली, पदर खोचला, खराटा घेतला आणि माझ्यापुढं येऊन म्हणाली, “महाराज, तोंडानं कुठी झाडणं होते का बापा?”

माऊली, इतकी वर्षं उभा राहून बोललो, पण एका वाक्यात असा कधी खाली बसलो नव्हतो. माईक ठेवला, फेटा काढून ठेवला आणि पत्रावळी उचलायला वाकलो. दहा हात पुढं सरकलो नसेन. मागं वळून पाहतो तर तीच पोरं टोपली घेऊन आलेली! कुणी बोलावलं नव्हतं. पोरं वाईट नव्हती हो, माझी जागा चुकली होती. मी त्यांच्या वर उभा होतो, त्यांच्यासोबत नव्हतो.

आणि हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? आपल्याच वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्म. लहानपण मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं. तिथं गुरं राखली, शेती केली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत द्यायची तेव्हाची रीत. बाबांनी गावाला उपदेश केला नाही, आपल्या घरच्या पंगतीत गोडाचं जेवण वाढलं. सुधारणा स्वतःच्या ताटापासून सुरू केली. पुढं घर सोडलं, तेव्हा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. सकाळी ज्यानं आपली गल्ली झाडली, तोच रात्री बोलतोय, हे लोकांना दिसत होतं. मग शब्दाला वजन येणार नाही तर काय?

कीर्तनातही बाबा नुसतं सांगत नसत. प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. आपल्या तोंडून निघालेलं उत्तर माणसाला सहज मोडवत नाही. तुम्ही घरात पोराला दिवसभर सांगता. कधी विचारता का, “बापा, तुला काय वाटते?”

आणखी एक गोष्ट बाबांना साधली, ती आपल्याला फार जड जाते. ती म्हणजे हात काढून घेणं. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. उभं केलं आणि देऊन टाकलं! आपलं काय होतं? सप्ताहाचा अध्यक्ष वीस वर्षं तोच. सासूबाईंच्या कमरेची किल्ली सुटत नाही. आणि माझ्यासारख्या बुवाला शिष्यानं चांगलं कीर्तन केलेलं सोसत नाही. हसू नका, खरं आहे!

म्हणून मायबाप, तुम्ही गावचे सरपंच असा, दिंडीचे चालक असा की घरातले वडील. कुणाला काही सांगण्याआधी मनाला एवढंच विचारा, मी स्वतः वाकलो का? मी त्याचं ऐकलं का? आणि काम झाल्यावर ‘मी केलं’ म्हणायचं सोडलं का?

पुढच्या वर्षी बार्शीटाकळीला गेलो, तेव्हा त्या माऊलीला शोधून पाया पडलो. म्हटलं, “माय, तुझ्या एका बोलानं मला शहाणं केलं.” ती गोंधळली. म्हणाली, “मी असं म्हनलं होतं काय महाराज? मले तं यादही नाही.”

माझा तिसरा धडा तिला न शिकताच येत होता.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!